तिसरा संघ कुठे होता?

१ जुलै २०२३ रोजी डेमियन लिलार्डने पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्सला कळवलं की आता मला इथून सोडा. कुठे जायचं तेही त्याने आणि त्याच्या एजंटने ठरवून टाकलं होतं: मायामी हीट, दुसरं कुणी नको. पुढचे जवळजवळ तीन महिने अमेरिकी बास्केटबॉलमध्ये न झालेला एकच सौदा चघळला गेला. लिलार्ड मायामीला, मायामीचा टायलर हिरो कुठल्यातरी तिसऱ्या संघाला, त्या तिसऱ्या संघाकडून जे काय निघेल ते आणि मायामीच्या भावी ड्राफ्टमधल्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक वाटपातल्या, निवडी पोर्टलंडला. २७ सप्टेंबरला लिलार्ड गेला तो मिलवॉकीला. त्याला आता बराच काळ लोटला, तरी एक मत काही केल्या मरत नाही. पोर्टलंडने आडमुठेपणा केला, अकरा हंगाम इमानाने खेळलेल्या माणसाचा मान राखला नाही, हातात हुकमाचं पान नसताना ताणून धरलं आणि जुळत आलेला बहुसंघी सौदा अहंकारापायी घालवला, असं हे मत. २०२५ च्या उन्हाळ्यात लिलार्ड दुखावलेला पाय घेऊन पोर्टलंडला परतला तेव्हा या मताला नवी पालवी फुटली: घरीच यायचं होतं, तर मधली दोन वर्षं कशासाठी नासवली? मला हे सगळंच अमान्य आहे, आणि पुढे काय घडलं ते पाहून केलेली ही शहाणपणाची भाषा नव्हे. जो सौदा घालवला म्हणतात, तो टेबलावर कधी आलाच नव्हता. तुरी अजून बाजारातच होत्या. भांडण मात्र घरात पेटलं, ते आजही धुमसतं आहे.

आपल्याकडच्या वाचकाला या व्यवहाराची रीत थोडी सांगायला हवी, कारण आयपीएलच्या सवयीने पाहिलं तर चूक होते. हार्दिक पंड्या २०२३ च्या नोव्हेंबरात गुजरात टायटन्सकडून मुंबई इंडियन्सकडे आला तो रोखीच्या व्यवहारात; बदल्यात मुंबईचा एकही खेळाडू गुजरातला गेला नाही. एनबीएमध्ये मोठ्या खेळाडूसाठी हे जवळपास अशक्य. पगारमर्यादेच्या वर असलेल्या संघाला जेवढ्या पगाराचा माणूस आणायचा, साधारण तेवढ्याच पगाराची माणसं बाहेर पाठवावी लागतात. लिलार्डचा त्या हंगामाचा पगार सुमारे ४ कोटी ५६ लाख डॉलर. मायामीकडे एवढा आकडा भरून काढणारे, पण संघाचा कणा न मोडता देता येण्यासारखे तिघेच होते: हिरो, सुमारे २ कोटी ७० लाख, काइल लाउरी, जवळपास ३ कोटी, डंकन रॉबिन्सन, सुमारे १ कोटी ८० लाख. यातले दोघे तरी जाणारच. लाउरी सदतिशीतला, कराराचं एकच वर्ष उरलेला. रॉबिन्सन तीन गुणांच्या फेकीचा जाणकार, पण लांब आणि महागड्या कराराचा. म्हणजे या पॅकेजमध्ये खरी किंमत असलेला खेळाडू एकच, हिरो. आणि नेमका तोच पोर्टलंडला नको होता. २०२२ च्या उन्हाळ्यात त्यांनी अ‍ॅन्फर्नी सायमन्सला चार वर्षांसाठी १० कोटी डॉलर दिले होते. त्याच वर्षी सातव्या क्रमांकावर शेडन शार्पला निवडलं होतं. आणि लिलार्डने सोडा म्हणण्याच्या आठवडाभर आधी तिसऱ्या क्रमांकावर स्कूट हेंडरसनला घेतलं होतं. तिघेही चेंडू हातात घेऊन खेळणारे गार्ड. चौथा गार्ड घेऊन पोर्टलंडने काय करायचं, याचं उत्तर मायामीच्या चाहत्यांनाही सापडत नव्हतं. म्हणून प्रत्येक अफवेत एक तिसरा संघ यायचा. हिरो तिकडे जाईल, तिकडून पहिल्या फेरीची निवड येईल, की झालं.

माझा सगळा प्रतिवाद या 'तिकडे' शब्दावर उभा आहे. तिसरा संघ म्हणजे काही धर्मशाळा नव्हे. त्याचाही जनरल मॅनेजर असतो, पगाराचा हिशोब असतो, आणि दोन परक्या संघांचं लग्न लावून देण्यासाठी स्वतःची मूल्यवान निवड देण्याचं त्याला कारण नसतं. हिरो तेव्हा तेविशीतला, सामन्यामागे वीसच्या आसपास गुण करणारा चांगला खेळाडू होता. पण त्याच ऑक्टोबरपासून त्याचा किमान १२ कोटी डॉलरचा चार वर्षांचा नवा करार लागू होणार होता. शिवाय २०२३ च्या प्लेऑफमधल्या पहिल्याच सामन्यात त्याचा हात मोडला, आणि त्याच्याविना मायामी आठव्या मानांकनावरून थेट अंतिम फेरीत पोचली. त्यामुळे त्याचं बाजारमूल्य वाढलं नाही, हे उघड आहे. आता साधा प्रश्न विचारा. एखाद्या संघाला हिरो खरोखर पहिल्या फेरीच्या निवडीच्या मोलाचा वाटत होता, तर त्याने थेट मायामीशीच बोलणी का केली नाहीत? मायामीने आधी हिरो विकून, हाती आलेल्या निवडी पोर्टलंडसमोर का मांडल्या नाहीत? जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर असे तीन महिने होते. ब्रुकलिनचं नाव अफवांमध्ये बरेचदा आलं. ब्रुकलिनकडून हिरोसाठी काही आलं नाही. ज्या वस्तूला तीन महिन्यांत तिसरं गिऱ्हाईक भेटत नाही, तिची किंमत तिचा मालक सांगतो ती नसते. आणि गिऱ्हाईक शोधण्याची जबाबदारी ज्याला सौदा हवा आहे त्याची, म्हणजे मायामीची. ती पोर्टलंडच्या गळ्यात का घालायची, हे आजवर कुणी मला पटेल असं सांगितलेलं नाही.

तिसऱ्या संघाच्या 'नाही'ला किती वजन असतं, हे त्याच जून महिन्यात सगळ्यांनी पाहिलं होतं. बॉस्टन, वॉशिंग्टन आणि लॉस एंजेलिस क्लिपर्स यांचा तीन संघांचा सौदा जवळपास पक्का झाला होता. क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस बॉस्टनला येणार होता आणि बॉस्टनचा माल्कम ब्रॉग्डन क्लिपर्सकडे जाणार होता. ब्रॉग्डनच्या दुखापतीची कागदपत्रं पाहून क्लिपर्स बिचकले आणि सौदा कोसळला. बॉस्टनने काही तासांत मेम्फिसला तिसरा भागीदार म्हणून उभं केलं. पण त्यासाठी मोजावी लागलेली किंमत होती मार्कस स्मार्ट, बॉस्टनचा नऊ हंगामांचा आधार. म्हणजे तिसरा संघ बदलला की सौद्याची किंमतच बदलते. मायामीच्या अफवेत मात्र तिसऱ्या संघाचं नाव दर आठवड्याला बदलायचं आणि किंमत तीच राहायची. अशा गोष्टीला सौदा म्हणत नाहीत.

याउलट सप्टेंबरअखेरीस जे झालं त्याकडे पाहा. मिलवॉकीला लिलार्ड. फिनिक्सला युसुफ नुर्किच, ग्रेसन अ‍ॅलन, नसीर लिटल आणि किऑन जॉन्सन. पोर्टलंडला ड्रू हॉलिडे, डीआंद्रे एटन, तुमानी कमारा, मिलवॉकीची २०२९ ची पहिल्या फेरीची विनाअट निवड आणि २०२८ व २०३० मध्ये निवडी बदलून घेण्याचा हक्क. यातल्या प्रत्येक संघाला स्वतःचं कारण होतं, आणि ते कारण लिलार्डचं नाव पुसूनही टिकतं की नाही ते तपासून पाहा. फिनिक्सने जूनमध्ये ब्रॅडली बीलला आणलं होतं; ड्युरँट, बुकर आणि बील या तिघांच्या पगारांनंतर त्यांच्याकडे बाकावर बसायलाही धड माणसं उरली नव्हती. एटनचं आणि संघाचं आदल्या वर्षापासून पटत नव्हतं. एका मोठ्या पगाराचे चार खेळाडू करून घेणं ही त्यांची स्वतःची गरज होती. तिथे लिलार्ड कुठे जातोय याने त्यांना फरक पडत नव्हता. मिलवॉकीचं कारण तर आणखी निकडीचं. त्यांचा सर्वांत मोठा तारा यानिस आंतेतोकुम्पो याने ऑगस्टमध्ये उघड सांगितलं होतं की विजेतेपदासाठी संघ जिवापाड झटतो आहे हे दिसल्याशिवाय मी नव्या करारावर सही करणार नाही. लिलार्ड आल्यावर महिन्याभरातच त्याने तीन वर्षांच्या, १८ कोटी ६० लाख डॉलरच्या मुदतवाढीवर सही केली. मिलवॉकी लिलार्डसोबत यानिसची तीन वर्षंही विकत घेत होती, म्हणून तिने भाव चढा दिला. असा भाव देण्याचं कारण मायामीकडे नव्हतं, आणि मायामीने तो दिलाही नाही. यात मायामीला दोष देण्यासारखं काही नाही. मायामीचा कारभार पाहणारे पॅट रायली काही भोळे नव्हेत. समोरच्याला दुसरीकडे जाताच येणार नाही असं वाटत असेल तर कोण जास्त मोजेल?

भावी निवडींचा मुद्दा चर्चेत फार वरवर हाताळला गेला. 'मायामीनेही तीन निवडी दिल्याच असत्या' असं म्हणतात. मुळात मायामीची २०२५ ची निवड, २०२६ पर्यंत पुढे सरकू शकेल अशा अटीसह, आधीच ओक्लाहोमा सिटीला देणं होती. क्लीव्हलंडचे एकेकाळचे मालक टेड स्टेपियन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या निवडी इतक्या बेफिकिरीने वाटल्या की लीगला त्यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम करावा लागला: लागोपाठच्या दोन भावी वर्षांत पहिल्या फेरीच्या निवडीविना राहायचं नाही. या नियमामुळे मायामीला ओक्लाहोमाशी आधी नवा समझोता केल्याशिवाय २०२८ आणि २०३० या दोनच निवडी देता येत होत्या. पण संख्येपेक्षा महत्त्वाचं हे की निवड कुणाची आहे. दुसऱ्या संघाची विनाअट निवड घेणं म्हणजे त्या वर्षी तो संघ वाईट खेळेल यावर पैज लावणं. रायली १९९५ पासून मायामीत आहेत आणि तो संघ सलग काही वर्षं तळाशी पडून राहिला असं या काळात फारसं घडलेलं नाही. मिलवॉकीची गोष्ट निराळी. तिने आजच्या विजेतेपदासाठी उद्या गहाण टाकला होता. २०२९ च्या ड्राफ्टच्या वेळी यानिस चौतीस वर्षांचा असेल, आणि तो तिथे असेल की नाही याचीही खात्री नव्हती. जो क्रोनिन यांनी, म्हणजे पोर्टलंडच्या जनरल मॅनेजरनी, ही पैज मायामीऐवजी मिलवॉकीवर लावली. तीन वर्षांनी कुणाच्या कागदाची किंमत वाढेल, हे ओळखायला २०२३ मध्येही कुणी ज्योतिषी असण्याची गरज नव्हती.

आणि हॉलिडे? पोर्टलंडला तोही नको होता; पण हिरो आणि हॉलिडे यांत फरक असा की हॉलिडेला रांग लागली होती. चार दिवसांत, १ ऑक्टोबरला, तो बॉस्टनला गेला आणि पोर्टलंडला मिळाले ब्रॉग्डन, रॉबर्ट विल्यम्स, गोल्डन स्टेटची २०२४ ची पहिल्या फेरीची निवड आणि बॉस्टनची २०२९ ची विनाअट निवड. पुढे २०२४ च्या ड्राफ्टच्या सुमारास ब्रॉग्डन, त्याच गोल्डन स्टेटकडून आलेल्या चौदाव्या क्रमांकाची निवड आणि २०२९ मधली आणखी एक निवड वॉशिंग्टनला देऊन पोर्टलंडने डेनी अव्दियाला आणलं. चार वर्षांचा ५ कोटी ५० लाखांचा करार, दर वर्षी कमी होत जाणारा पगार, आणि पहिल्याच हंगामात सामन्यामागे १७ च्या आसपास गुण. बावन्नाव्या क्रमांकावर निवडला गेलेला कमारा, ज्याचं नाव सौद्याच्या बातमीत शेवटी यायचं, २०२४-२५ मध्ये लीगच्या सर्वोत्तम बचावपटूंच्या दुसऱ्या संघात आला. हे सगळं क्रोनिन यांनी आधीच पाहिलं होतं असा दावा मी करणार नाही. कमारा लागला हे नशीब. पण हिरोला दुसरीकडे वळवता येत नव्हतं आणि हॉलिडेला आलं, हे नशीब नव्हे. तो बाजार होता, आणि बाजार काय सांगतोय हे ऐकायला पोर्टलंड थांबलं होतं.

एटनबाबत मात्र टीकाकारांचं म्हणणं मान्य करावं लागतं. पोर्टलंडला वाटलं की पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला चोवीस-पंचवीस वर्षांचा सेंटर नव्या जागी फुलेल. तसं झालं नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात उरलेल्या वर्षाचे पैसे तडजोडीने चुकते करून त्याला मोकळं करावं लागलं, आणि तो लेकर्सकडे गेला. तो करार लांब होता, मोठा होता, आणि त्याची जागा दुसऱ्या कशाने भरून काढता आली असती. हा खड्डा खरा आहे. पण तो दाखवून मायामीचा सौदा चांगला ठरत नाही. फार तर एवढंच ठरतं की मिलवॉकीचा सौदा आणखी चांगला करता आला असता. या दोन विधानांत अंतर आहे, आणि गेल्या काही वर्षांतला बराच गोंधळ ते अंतर पुसल्यामुळे झाला.

सर्वात वजनदार आक्षेप वेगळा आहे. तो असा: हे सगळं निकाल पाहून बोलणं झालं. लिलार्डच्या टाचेमागची कंडरा २७ एप्रिल २०२५ ला तुटणार हे कुणाला ठाऊक होतं? मिलवॉकी दोन्ही वर्षं पहिल्याच फेरीत इंडियानाकडून हरेल हे कुणाला ठाऊक होतं? बरोबर. म्हणूनच मी हा पुरावा वापरत नाही. वापरायचाच झाला तर तो दोन्हीकडे कापतो: मायामीचा हिरो २०२५ मध्ये ऑलस्टार झाला, आणि दुखावलेल्या लिलार्डवरचे उरलेले सुमारे ११ कोटी ३० लाख डॉलर मिलवॉकीला पाच वर्षांवर पसरून द्यावे लागताहेत. २०२३ च्या जुलैत पोर्टलंडला शिव्या देणारा मायामीचा चाहता आता मनातल्या मनात आभार मानत असेल. पण पोर्टलंड बरोबर होतं हे दाखवायला यातलं काहीच लागत नाही. हिरोला गिऱ्हाईक नव्हतं, ही गोष्ट २०२३ च्या उन्हाळ्यातली. मायामीच्या हातात दोनच निवडी होत्या, हीही तेव्हाचीच. यानिसच्या सहीसाठी मिलवॉकीला घाई होती, हे ऑगस्टच्या वृत्तपत्रांतच छापून आलं होतं. ज्या गोष्टी त्या वेळी माहीत होत्या, तेवढ्यांवर निवाडा करा. पोर्टलंड तरीही जिंकतं.

'हातात पान नव्हतं' हा युक्तिवाद तर मला कधीच कळला नाही. लिलार्डचे चार हंगाम शिल्लक होते, सुमारे २१ कोटी ६० लाख डॉलरचे. २०२२ च्या जुलैत दोन वर्षांची भर घालून तो करार त्याने स्वतः लांबवला होता. ज्याचा करार इतका लांब असतो, तो नाराज होऊ शकतो, वर्तमानपत्रांतून दबाव आणू शकतो. त्याला घरी बसता येत नाही. एजंटने इतर संघांना 'मायामीशिवाय कुठे पाठवला तर पाहा' अशा सूचना दिल्याची चर्चा झाली तेव्हा जुलैअखेरीस लीगने सर्व तीस संघांना पत्र पाठवून बजावलं: करार न पाळण्याचे असे इशारे पुन्हा आले तर कारवाई होईल. त्या पत्रानंतर पान कुणाच्या हातात होतं याबद्दल शंका उरायला नको होती. वाट पाहिल्याने किंमत घटते, हाही समज अनुभवाला धरून नाही. २०१९ मध्ये अँथनी डेव्हिसला प्रामुख्याने लेकर्सकडेच जायचं होतं. न्यू ऑर्लीन्सने फेब्रुवारीची मुदत जाऊ दिली आणि जूनमध्ये त्याच लेकर्सकडून खूप काही वसूल केलं. २०२२ च्या जूनअखेरीस केव्हिन ड्युरँटने सोडा म्हटलं. ब्रुकलिनने नकार दिला आणि सात महिन्यांनी फिनिक्सकडून मिकाल ब्रिजेस, कॅम जॉन्सन आणि पहिल्या फेरीच्या चार निवडी घेतल्या. थांबणारा नेहमी जिंकतो असं नाही. पण थांबणाऱ्याला मूर्ख म्हणण्याआधी ही यादी एकदा नजरेखालून घालावी.

उरतो इमानाचा प्रश्न. यात भावना आहे, आणि ती खोटी नाही. २०१२ मध्ये सहाव्या क्रमांकावर निवडलेला, वीबर स्टेटसारख्या लहान विद्यापीठातून आलेला हा मुलगा, मोठ्या शहरांची आमंत्रणं झुगारून एका लहान शहरात राहिला. २०२३ च्या फेब्रुवारीत त्याने एका सामन्यात ७१ गुण केले, तरी त्या हंगामात त्याचा संघ प्लेऑफ गाठू शकला नाही. त्याला तिसऱ्या क्रमांकाची निवड देऊन अनुभवी सहकारी आणून हवे होते, संघाने तरणाबांड स्कूट निवडला. त्याचा राग समजू शकतो. पण राग येण्याचा हक्क आणि सौद्याच्या अटी ठरवण्याचा हक्क हे एक नव्हेत. कुठे जायचं याबद्दलच्या नकाराधिकाराची अट काही खेळाडूंना करारात घालून घेता येते. बीलकडे ती होती. लिलार्डने २०२२ मध्ये लांबवलेल्या करारात ती नव्हती. २०२५ मध्ये तो पोर्टलंडला परतला तेव्हा तीन वर्षांचे ४ कोटी २० लाख घेतले आणि नकाराधिकार लिहून घेतला. म्हणजे हा हक्क कागदावर लिहून घ्यावा लागतो, हे त्यालाही ठाऊक आहे. जी गोष्ट करारात नव्हती ती न दिल्याबद्दल पोर्टलंडला बेइमान म्हणणं हा शब्दांचा अपव्यय आहे. शिवाय ज्याला बेइमान म्हणता, त्याच दारात तो परत आला.

सगळ्यात बोलका साक्षीदार मात्र मायामीच. २०२५ च्या जानेवारीत जिमी बटलर मायामीला म्हणाला, मला सोडा, आणि त्याचा रोख फिनिक्सकडे होता. पुन्हा एक बहुसंघी अफवा: बटलर फिनिक्सला, बील कुठल्यातरी तिसऱ्या संघाला, आणि मायामीला काहीतरी चांगलं. पुन्हा तोच रिकामा रकाना. बीलचा प्रचंड पगार आणि त्याचा नकाराधिकार घेऊन कुणीच पुढे आलं नाही. आणि मायामीने काय केलं? बटलरला एकाच महिन्यात तीनदा निलंबित केलं, त्याच्या आवडीच्या संघाकडे पाठवण्याची घाई केली नाही, आणि फेब्रुवारीत पाच संघांच्या सौद्यात तो गोल्डन स्टेटला गेला. बदल्यात अँड्र्यू विगिन्स, डेव्हियन मिचेल, काइल अँडरसन आणि पहिल्या फेरीची एक निवड मायामीला मिळाली. बटलरनेही तिथे पोचताच मुदतवाढीवर सही केली. मायामीच्या या ठामपणाचं कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं. पण मग दीड वर्षापूर्वी हेच केलेल्या पोर्टलंडला आडमुठं का ठरवायचं? टेबलाच्या कुठल्या बाजूला आपला संघ बसला आहे, याखेरीज दोन्ही प्रसंगांत मला फरक दिसत नाही.

अशा अफवा आता वाढतच जातील. २०२३ च्या नव्या सामूहिक कराराने खर्चिक संघांवर इतक्या बेड्या घातल्या आहेत की दोन संघांत पगार जुळवणंच अवघड झालंय. ड्युरँटला ह्यूस्टनला नेताना जुलै २०२५ मध्ये सात संघ एकाच कागदावर आले, जो लीगच्या इतिहासातला विक्रम आहे. त्यातल्या कित्येकांचा मूळ सौद्याशी संबंध नावापुरता होता. त्यामुळे 'चार संघांचा सौदा', 'पाच संघांचा सौदा' असे शब्द ऐकले की काहीतरी मोठं, गुंतागुंतीचं आणि म्हणून खरं असेल असं वाटायला लागतं. संघ जितके जास्त, तितके 'नाही' म्हणू शकणारे जास्त, हा हिशोब मात्र कुणी करत नाही. २०२५ मध्ये यानिस मिलवॉकी सोडणार का याची कुजबुज सुरू झाली तेव्हा लोकांनी त्याला कधी न्यूयॉर्कला पाठवलं, कधी आणखी कुठे. यानिस गेला तर मिलवॉकीने काही वर्षं हरत राहून वरच्या निवडी मिळवाव्यात, हा उघड मार्ग. पण २०२८ आणि २०३० ची अदलाबदल पोर्टलंडच्या हातात आहे, आणि अव्दियासाठी वॉशिंग्टनला २०२९ मधली मधल्या क्रमांकाची निवड दिली असली, तरी मिलवॉकीची निवड पोर्टलंड, बॉस्टन व मिलवॉकी या तिघांत सर्वांत वरची ठरली तर तीही पोर्टलंडचीच. ते हक्क परत हवे असतील तर मिलवॉकीला क्रोनिन यांना फोन करावा लागेल, आणि त्या वेळी तिसऱ्या संघाकडे टेबलावर बसायला स्वतःचं कारण असेल.